तंबू कापडाचा, शौचालय विटांचं

लखनौला महानगर भागात राहायला आलो, त्या सुरुवातीच्या दिवसांत गोल मार्केटच्या चहाच्या टपरीवर दोन माणसं बोलताना ऐकली. ‘जमीन अच्छी है, पर एक सौ तैंतालीस नहीं हुआ है.’ मला वाटलं, एखादी लस टोचायची राहिली असावी. मग कळलं की १९५०च्या जमीनदारी निर्मूलन कायद्यातलं ते कलम. शेतजमीन आता शेतीची राहिली नाही, असं एसडीएमने जाहीर करायचं. तो कायदा गेला, ११ फेब्रुवारी २०१६पासून नवी महसूल संहिता लागू झाली, कलमाचा आकडा बदलून ८० झाला. तहसिलीच्या आवारात मात्र अजून एकशे त्रेचाळीसच चालतं. आपण ‘एनए’ म्हणतो तसं. तिथला लेखपाल तो आपला तलाठी, तिथली खतौनी ती आपला सातबारा, आणि कागद घेऊन बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा दोन्हीकडे एकच.

या आकड्याशी माझी नीट ओळख झाली ती एका परिचितामुळे. महानगरातून तासाभराच्या अंतरावर, मलिहाबादच्या बाजूला, त्याच्या घरची पाच बिघे, म्हणजे साधारण तीन एकर दशहरी आंब्याची बाग आहे. दशहरीचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. मोहोर दिसला की बाग ठेकेदाराला द्यायची, पैसे मोजून घ्यायचे आणि पुढच्या मोहोराची वाट पाहायची, हा तिकडचा जुना रिवाज. हिवाळ्यात बाग नुसती उभी असते. त्या रिकाम्या चार महिन्यांत झाडांखाली चार मोठे तंबू लावावेत, आत पलंग आणि रजया, बाहेर शेकोटी, सकाळी मलईदार चहा. लखनौची माणसं शनिवार-रविवार येतील, असा त्याचा बेत. याला ग्लॅम्पिंग म्हणतात हे त्याला भाच्याने सांगितलं. माझ्याकडे तो आला कारण त्याने पवना धरणाचे व्हिडिओ पाहिले होते. ‘तुमच्या महाराष्ट्रात तर हे सगळीकडे आहे. तिकडे परवानगी कशी घेतात?’

मी थोडा वेळ गप्प बसलो. पवनेकाठी परवानगी कशी घेतात, या प्रश्नाचं खरं उत्तर, बरेच जण घेतच नाहीत, असं होतं. ते सांगायची लाज वाटली.

त्याने मात्र प्रामाणिकपणे फेऱ्या सुरू केल्या. पहिल्या कार्यालयात सांगितलं, बांधकाम नाही ना, मग विचारता कशाला? दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, पैसे घेणार म्हणजे व्यावसायिक वापर, आधी जमीन ‘करून’ आणा. तिसरीकडे नकाशा मागितला. तंबूचा नकाशा काय द्यायचा, म्हणून याने कागदावर चार चौकोन काढून दिले. त्यावर भिंतींची जाडी लिहिलेली नाही म्हणून कागद परत आला. राज्य सरकारचं २०२५चं होमस्टे धोरण घेऊन गेला, तर ते सहा खोल्या आणि बारा खाटांपर्यंतचं. तंबूला खोली म्हणायचं की नाही, यावर दोन टेबलांची दोन मतं पडली.

हसण्यासारखं आहे, पण यात कोणी एक माणूस वाईट नाही. अडचण अशी की आपल्या महसुली कायद्याला दोनच गोष्टी ओळखता येतात, शेत आणि इमारत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिचं मूळ कलम ४२ सांगतं, शेतीची जमीन परवानगीवाचून दुसऱ्या कामाला वापरायची नाही. कलम ४४ परवानगीची रीत सांगतं. कलम ४५ दंड सांगतं. ज्या काळात शेत बुडवून गिरणी किंवा चाळ उभी राहण्याची भीती होती, त्या काळाची ही भाषा. खाणाऱ्या तोंडांसाठी जमीन राखायची होती, आणि तो हेतू आजही खोटा नाही. पण नोव्हेंबरात आंब्याखाली उभा राहून मार्चमध्ये गुंडाळला जाणारा तंबू शेत बुडवत नाही. झाड तिथंच असतं, मोहोर येतो, आंबा लागतो. कायदा विचारतो, ही जमीन कोण आहे? आणि चार महिन्यांची ही गोष्ट त्या प्रश्नात मावत नाही.

जुन्या कायद्यांना हे जमत होतं, असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. १८६७चा सराय कायदा उघडून पाहावा. सत्तावनच्या उठावाला दहा वर्षं झालेली, राज्य इंग्रजांचं, नजर संशयाची. सराय चालवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याकडे नोंद करावी, संसर्गजन्य रोगाचा माणूस आढळला तर पोलीस ठाण्याला कळवावं, खोल्या, ओवऱ्या, गटारं, विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, राखणदार नेमावेत, दरपत्रक लावावं. आणि माझं सगळ्यांत आवडतं: ज्या झाडांवरून, फांद्यांवरून चोराला आत येता किंवा बाहेर जाता येईल, ती काढून टाकावीत. हे कलम आमच्या परिचिताला लावलं तर बिचाऱ्याची बागच जाईल. पुन्हा उत्तर प्रदेशात १९७६चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आंब्याचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणजे फांदी ठेवली तर एक कायदा मोडला, तोडली तर दुसरा. सुदैवाने १८६७च्या कायद्यात सराय म्हणजे इमारत. तंबू त्यातून सुटतो.

पण गंमत बाजूला ठेवली तर त्या कायद्याने विचारलेले प्रश्न पाहा. जमिनीची जात त्याने विचारली नाही. विचारलं ते विहिरीचं, गटाराचं, रोग्याचं, राखणदाराचं, आणि पाहुण्याकडून किती पैसे घेणार याचं. वाटसरूला रात्रभर आसरा देणारा माणूस काय करणार आहे, हे पाहणारा तो कायदा होता. माझं म्हणणं एवढंच आहे की परवानगी अशीच असावी, कृतीला दिलेली आणि कृतीएवढीच.

‘माझी जमीन, माझी मर्जी, सरकार कोण विचारणारं?’ असं म्हणणारे मला भेटतात, आणि पहिल्या दोन वाक्यांपर्यंत मीही मान डोलावतो. पुढे मात्र पवना आठवते.

पवना धरण सत्तरच्या दशकातलं. मावळातल्या ज्या कुटुंबांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाचं रडगाणं दोन पिढ्या चाललं. ९ ऑगस्ट २०११ला याच धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. त्याच काठावर पुढे कॅम्पिंगचा धंदा फोफावला. पाण्याने जमीन घेतली, आता पाण्याकडे बघण्याचे पैसे मिळतात. यात एक न्याय आहे, आणि तो मोडून काढावा असं मला अजिबात वाटत नाही. मुंबईच्या माणसाने फार्महाऊस बांधून स्थानिकाला पहारेकरी ठेवण्यापेक्षा स्थानिकाने तंबू लावून मुंबईकराला पिठलं-भाकरी विकणं शतपटीने बरं.

पण त्या काठावर पावसाळ्याआधीच्या एखाद्या शनिवारी रात्री जाऊन पाहा. रांगेने तंबू, प्रत्येकासमोर बार्बेक्यूची शेगडी, ध्वनिवर्धकावर तीन वेगवेगळी गाणी. तंबू कापडाचा आहे हे खरं. पण त्याच्या मागे जाऊन बघितलं की शौचालय विटांचं दिसतं, आणि त्या विटांच्या खाली खड्डा आहे, तो कुठे झिरपतो ते कोणी विचारलेलं नाही. पिंपरी-चिंचवड ज्या पाण्यावर जगतं, ते हेच पाणी. रविवारी दुपारी तंबू गुंडाळता येतो. शोषखड्डा गुंडाळता येत नाही. तंबूवाल्याची सगळी बाजू ‘तात्पुरतं आहे’ या शब्दावर उभी असते, आणि तो शब्द संडासाच्या दारापाशी संपतो. माझ्या मते परवानगीची सुरुवात तिथून व्हायला हवी.

दुसरी जागा म्हणजे विस्तव. लखनौच्या हजरतगंजात ५ सप्टेंबर २०२२ला लेवाना हॉटेलला आग लागून चार जण गेले, आणि मग शहरभर कोणाकडे कोणता दाखला आहे याची धावपळ झाली. मुंबईत कमला मिलच्या गच्चीवर २९ डिसेंबर २०१७ला मध्यरात्रीनंतर चौदा जण गेले, तेव्हाही दाखले शोधण्याची वेळ नंतरच आली. तंबूचं कापड, आत हीटर, बाहेर शेकोटी, पायाखाली आंब्याची वाळलेली पानं: हे वाचूनच कोणाही अग्निशमन अधिकाऱ्याची झोप उडेल. प्रयागराजच्या महाकुंभात १९ जानेवारी २०२५ला तंबूंना आग लागली, बरेच तंबू जळाले, जीव वाचले. पण तिथे अग्निशमनाचे बंब मेळ्यातच उभे होते. आमराईत बंब यायला किती वेळ लागतो, ते आमराईवाल्याने सांगावं.

आणि तिसरी, आजूबाजूला कोण राहतं. जानेवारी २०२१मध्ये वायनाड जिल्ह्यात मेप्पाडीजवळ एका रिसॉर्टच्या तंबूतल्या मुक्कामात हत्तीने एका तरुणीला ठार केलं. तंबूंना परवाना नव्हता. परवाना देताना कोणी तरी जागेवर गेलं असतं, हत्तीची वाट कुठून आहे हे गावातल्या माणसाला विचारलं असतं, तर पुढचं टळलं असतं असं छातीठोकपणे कोण सांगणार? पण विचारायची एक जागा तरी झाली असती. परवानगीचा खरा अर्थ तो. शेजाऱ्याला, ओढ्याला आणि रानातल्या जनावराला बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने कोणी तरी चार प्रश्न विचारायचे.

हे सगळं फक्त छोट्या माणसाने पाळायचं, असाही एक समज आहे. जानेवारी २०२३मध्ये वाराणसीला गंगेपलीकडच्या वाळूवर आलिशान तंबूंचं शहर उभं राहिलं, उद्घाटन खुद्द पंतप्रधानांनी केलं. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं आणि पुढच्या हिवाळ्यात वाळू मोकळी राहिली. नदीच्या पात्रात तंबू लावताना ‘ही जमीन कोण’ हा प्रश्न आड आला नाही. पाच बिघ्यांच्या बागेत चार तंबू लावताना तो डोंगराएवढा होतो.

शब्दांतही हा पंक्तिभेद आहेच. मराठीत तंबू, राहुटी, शामियाना हे शब्द सरदारी थाटाचे. पाल हा शब्द भटक्यांचा. गावकुसाबाहेर पाल ठोकलं की ग्रामपंचायत विचारते, कधी उठणार? पोलीस पाटील नावं लिहून घेतो. इंग्रजांनी १८७१मध्ये अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो गेल्यावरही ती नजर पुरती गेली नाही. तेच पाल, फक्त आत पलंग आणि बाहेर विजेच्या दिव्यांची माळ, की त्याला ग्लॅम्पिंग म्हणायचं आणि पर्यटन वाढलं म्हणून टाळ्या वाजवायच्या. हे थोडं विषयांतर आहे, पण परवानगीच्या प्रश्नावर लिहिताना मला ते टाळता येत नाही. ज्याला मुक्काम हाच संसार आहे, त्याला कुठेच परवानगी मिळत नाही.

मग करावं काय? इंग्लंडची एक रीत मला शहाणपणाची वाटते. तिथे जुलै २०२३पासून शेतकऱ्याला वर्षातले साठ दिवस, जास्तीत जास्त पन्नास जागांपर्यंत, तंबूंचा तळ चालवायला वेगळी नियोजन परवानगी लागत नाही. मात्र स्थानिक प्राधिकरणाला दर वर्षी कळवावं लागतं. कायदा दिवस मोजतो. साठाव्या दिवसानंतर तंबू उभा राहिला तर तो तात्पुरता नाही, हे कोणालाही कळतं, त्यासाठी वकील लागत नाही. इंग्लंडचं हवामान आणि इंग्लंडची ग्रामपंचायत आपण उचलून आणू शकत नाही, पण दिवस मोजायला आपल्यालाही येतं.

आणि प्रमाण राखायची सवय आपल्या कायद्यांत मुळीच नाही असंही नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्या माणसाला नुसती नोंदणी पुरते, मोठ्याला परवाना लागतो. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. शेतकऱ्याने शेतकरी राहूनच पाहुणे घ्यायचे, पर्यटन संचालनालयाकडे नोंद करायची. बारामतीच्या बाजूला २००५च्या सुमारास सुरू झालेल्या प्रयोगांनी ही वाट आधीच पाडली होती. धोरण मागून आलं, जसं ते नेहमी येतं. त्या धोरणाचा मला आवडलेला भाग हा की त्यात पाहुणा आला म्हणून शेत शेत राहायचं थांबत नाही.

उलट आपल्या महसूल संहितेच्या मूळ कलम ४४मधली एक तरतूद चांगल्या हेतूची कशी माती होते त्याचा नमुना आहे. अर्जाची पोच मिळाल्यापासून नव्वद दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. उत्तम. पण न मिळालेला कागद बँकेत कसा दाखवायचा? वीज मंडळात काय द्यायचं? मानीव परवानगीवर कर्ज मिळालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. विलंबावरचं औषध म्हणजे गप्प राहण्याला होकार समजणं नव्हे; प्रश्नांची यादी छोटी आणि पक्की करणं, ती जागेवर येऊन एकाच माणसाने तपासणं, आणि सहीचा कागद हातात देणं. मैला कुठे जाणार, विस्तव कुठे असणार, पाणी कुठलं, रात्री दहानंतर आवाज किती, किती दिवस आणि किती माणसं. ग्रामसभेत हे वाचून दाखवावं. एवढं झालं की जमिनीची जात विचारायचं कारण उरत नाही.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो मला सहज उडवून लावता येत नाही. एकेक तंबूवाला छोटाच असतो. पवनेकाठचा प्रत्येक जण म्हणेल, माझे तर दहाच आहेत. असे शंभर छोटे मिळून एक अजस्र हॉटेल होतं, ज्याचा मालक कोणी नाही, म्हणून ज्याच्यावर जबाबदारीही कोणाची नाही. प्रत्येकाला त्याच्यापुरते सोपे प्रश्न विचारले, तर सगळ्यांच्या बेरजेचा प्रश्न कोण विचारणार? यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोजची माणसं मोजून सोडतात, आणि ते काम गावांच्या समित्या करतात. माथेरानला २००३च्या अधिसूचनेने संवेदनशील क्षेत्र ठरवलं. मोटारी वेशीवर थांबतात. म्हणजे बेरीज जागेची करावी, धरणाची, पठाराची, डोंगराची, आणि त्या बेरजेतला वाटा गावाने वाटावा. हे म्हणायला सोपं आहे. गावात वाटा वाटताना सरपंचाचा पुतण्या पहिला असतो, हे मलाही माहीत आहे. कासच्या आसपासही विनापरवाना बांधकामांना नोटिसा गेल्याच. तरीही मला वाटतं, पुतण्याशी भांडता येईल अशी सभा असणं हे, कोणाशीच भांडता येत नाही यापेक्षा बरं.

कारण विनापरवाना चालण्याची किंमत बाहेरच्यांना दिसते त्याहून मोठी असते. ज्याच्याकडे कागद नाही त्याला पोलिसाला नाही म्हणता येत नाही. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करता येत नाही. विमा काढता येत नाही. हप्ता मागणाऱ्याला त्याचं हे दुबळेपण नेमकं माहीत असतं, आणि त्यामुळे नियम अस्पष्ट राहण्यात कोणाकोणाचं भलं आहे, ते समजायला फार संशोधन नको. स्वातंत्र्य म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते बहुतेक वेळा दर शनिवारी भरायचं भाडं असतं.

आमच्या परिचिताची गोष्ट आता कुठे आहे? तहसिलीतल्या एका जुन्याजाणत्या कारकुनाने त्याला अखेर सरळ वाट सांगितली. कलम ८०चा अर्ज करा, सहा खोल्यांचं काय ते नंतर पाहू. अर्ज तयार झाला. बाग वडिलांच्या नावावर, त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. सही त्यांचीच लागणार. वकिलाने सही घेण्याआधी रीतीप्रमाणे कलम ८१ वाचून दाखवलं. जमीन बिगरशेती जाहीर झाली की तिचा वारसा महसूल संहितेतून निघून वैयक्तिक कायद्याखाली जातो.

मराठी वाचकाला यात विशेष वाटणार नाही. आपल्याकडे शेताचा वारसा हिंदू वारसा कायद्यानेच जातो, आणि मुलींना जन्मतः हिस्सा महाराष्ट्राने १९९४लाच दिला. उत्तर प्रदेशात शेतजमिनीचा वारसा महसूल संहिता ठरवते. तिच्या क्रमात विधवा, मुलगे आणि अविवाहित मुलगी पहिल्या रांगेत. लग्न झालेली मुलगी त्यांच्या मागे. म्हणजे त्या आमराईत चार तंबूंसाठी ‘एक सौ तैंतालीस’ झालं, तर वडिलांच्या पश्चात कानपूरला दिलेली बहीण दोन्ही भावांच्या बरोबरीने मालक होते.

वकील थांबला. धाकटा भाऊ म्हणाला, कागद जरा घरी नेऊन वाचू. वडील काही बोलले नाहीत. परवा मी विचारलं, तर परिचित म्हणाला की फाईल सध्या कपाटात आहे, तहसिलीची काही हरकत नाही. बहिणीला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. ती जूनमध्ये आंबे न्यायला येते.